जिजी, हळदीचं बोट आणि परत आलेली पार्सलं

जिजी, तुम्ही गेल्याला अकरा दिवस झाले आणि या अकरा दिवसांत गोदामात कोणी कोणावर ओरडलेलं नाही. सगळे शहाण्यासारखे वागताहेत. साडीची घडी उलटी पडली तर जो तो गुपचूप सरळ करतो. माल सरकवणाऱ्या पट्ट्यावर एखादा टब आडवा झाला तर दोघं-दोघं धावतात. मला हे सहन होत नाही. परवा मी मुद्दाम नसरीनला म्हटलं, "हा गठ्ठा कोणत्या गाढवाने बांधलाय?" तर ती म्हणाली, "सॉरी ताई." तुम्ही असतात तर नसरीनच्या आधी तुम्हीच माझ्या अंगावर धावून आला असतात, आणि या गोदामात गाढवं कोण कोण आहेत याची यादी माझ्यापासून सुरू झाली असती.

काल नदीकाठी राजघाटावर तुमचं दहाव्याचं झालं. परत येताना रिक्षात तुमच्या सुनेने मला विचारलं, "ताई, आई तिथं गोदामात नेमकं करायच्या काय? घरी विचारलं तर म्हनायच्या, मशीनला अक्कल शिकवते." मला एका वाक्यात सांगता येईना. पॅकिंग म्हणावं, तर तुम्हाला पॅकिंगवरून काढून दोन वर्षं झाली होती. का काढलं, ते सांगायचं तर मला माझ्याबद्दलही सांगावं लागलं असतं, आणि ते मी दोन वर्षांत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "सगळंच करायच्या." मग रिक्षा तुमच्या गल्लीत शिरली.

रात्रभर त्या प्रश्नाचं उत्तर डोक्यात फिरत राहिलं. म्हणून आता लिहायला बसले आहे. तुम्हाला वाचायचा कंटाळा, हे मला माहीत आहे. पण ऐकायला तुम्ही कधी कंटाळला नाहीत.

मी या गोदामात आले तेव्हा तुम्ही मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "कुठल्या तुम्ही?" मी कागद गिरणीच्या वसाहतीत वाढले, माझे वडील साताऱ्याकडून तिथे नोकरीला आले, मधली काही वर्षं मी पुण्यात होते, असं सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "म्हनजे कागदवाल्यांची पोरगी. कपडा धुऊन माहीत असेल, मापून माहीत नसेल." मला राग आला होता, कारण ते खरं होतं. मला कापडातलं काही कळत नव्हतं. अमोलशेठने मला आणलं होतं ते गोदाम यंत्रावर बसवायला. आपली सात दुकानं, इथली बुऱ्हाणपुरातली तीन, मग खंडवा, खकनार, देडतलाई आणि रावेर. लग्नाचं कापड हा आपला खरा धंदा: साड्या, खण, टॉवेल-टोप्या, परकर, चादरी, सगळा आहेराचा माल. दुकानांसाठी वेगळा साठा होता आणि ऑनलाइनवाल्यांसाठी मागच्या खोलीत वेगळा. शेठला एकच साठा हवा होता. दुकानाने मागितलं तरी त्यातूनच जाईल, फोनवरून कोणी मागवलं तरी त्यातूनच.

त्या वेळी तुम्ही एकोणीस वर्षं पॅकिंग सांभाळत होतात. तुमच्या गोदामात रॅकला नंबर नव्हते, नाती होती. मामाचा कप्पा, विहिणीचा कप्पा, करवलीचा कप्पा. मामाच्या कप्प्यात मामाने भाचीला द्यायच्या साड्या आणि त्याच्यासोबत जाणारे खण, व्याह्याच्या कप्प्यात टॉवेल, टोपी, उपरणं. दुकानाचा माणूस फोनवर नुसतं "तीन मामा, एक विहीण" म्हणायचा आणि तुम्ही न बघता काढून द्यायचात. मी आले आणि सगळा माल प्रकारानुसार लावला. साड्या एकीकडे, टोप्या दुसऱ्या टोकाला, प्रत्येक कप्प्याला इंग्रजी अक्षर आणि आकडा. यंत्राला तसंच लागतं. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या होतात.

"मामाच्या कप्प्याला आता बी-चार म्हनायचं?"

"हो जिजी."

"मामाला काय वाटीन?"

सगळं गोदाम हसलं. मी पण हसले असते, पण मी नवी होते आणि साहेबीण होते.

मग पट्टा आला. एका टोकाला टब ठेवला की तो कप्प्यांसमोरून सरकत जायचा, ज्या कप्प्यातून माल काढायचा तिथे दिवा लागायचा. दुकानाचा माल असेल तर हिरवा, ऑनलाइनचा असेल तर निळा. तुम्हाला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण दिवे तुम्ही दोन दिवसांत आपलेसे केलेत. निळं गिऱ्हाईक आणि हिरवं गिऱ्हाईक हे शब्द तुमचेच. आता अमोलशेठसुद्धा इंदूरच्या यंत्रवाल्यांशी बोलताना "आमचं निळं गिऱ्हाईक" म्हणून जातो आणि समोरचे त्याच्याकडे बघत बसतात.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. एखादी साडी एकच उरली आहे, निळा दिवाही लागलाय आणि हिरवाही, तर ती कोणाची? मी म्हणायचे, ज्याने आधी मागितली त्याची. तुम्ही म्हणायचात, "निळंवालं तर घरी पंख्याखाली बसेल आहे. ही बाई पोरीला घेऊन देडतलाईच्या दुकानात उभी आहे. आधी पानी कोनाला विचारायचं?" मी म्हणायचे, ज्याने पंख्याखाली बसून मागवली त्याच्याही घरी लग्न असू शकतं. तुम्ही म्हणायचात, "मग त्याने उठून यावं." या वादात आपण किती डबे गार केले असतील. माझं अजूनही मत बदललेलं नाही, जिजी. पण परवा शेवटची हिरवट काठाची साडी निळ्याला गेली तेव्हा मी देडतलाईच्या दुकानाला स्वतः फोन करून माफी मागितली. तुम्ही गेल्यावर तुमची बाजू कोणीतरी घ्यायला हवी ना.

आता मुख्य गोष्ट सांगते, जी मी सुनेला सांगितली नाही.

पट्टा सुरू होऊन पाच महिने झाले होते. दुकानांची मागणी दिवसाच्या दिवसाला जायला लागली होती आणि शेठ खूश होता. पण ऑनलाइनची पार्सलं परत यायला लागली. साड्या, चादरी, टॉवेल, सगळ्यांवर कारण एकच: डाग आहे. सुरुवातीला दोन-चार, मग रोज टब भरून. मी, नसरीन आणि अजून दोघी ट्यूबलाइटखाली प्रत्येक साडी उलगडून बघायचो. डाग कुठेच नाही. मी कागदावर "दोष नाही" लिहायचे आणि तोच माल दुसऱ्या गिऱ्हाईकाला पाठवायचे. तिथूनही तो परत यायचा. मी पट्ट्यावर संशय घेतला. यंत्रवाल्यांचा माणूस इंदूरहून दोनदा आला, रोलर पुसले, तेल बदललं, पट्ट्याखाली प्लास्टिक घातलं. मग मी लूमवाल्यांशी भांडले. तेही बिचारे आपलं कापड उन्हात धरून दाखवत होते की बघा ताई, कुठंय डाग.

अमोलशेठने एक दिवस मला केबिनमध्ये बसवून शांतपणे सांगितलं. तो रागावला की आवाज खाली जातो, ते तुम्ही मला शिकवलं होतं. म्हणाला, तुळशीच्या लग्नापर्यंत हे थांबलं नाही तर मी गोदाम इंदूरला हलवतो, तिकडे तयार जागा आहे, तयार माणसं आहेत. इथली सव्वीस माणसं मग काय करतील, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. मला त्या वेळी सव्वीस माणसांपेक्षा माझी नोकरी जास्त दिसत होती. आज तुमच्यापासून काय लपवायचं.

मग बंगळूरच्या एका बाईंनी फोटो पाठवला. साडीच्या कोपऱ्यावर लाल गोल काढून. मी कॉम्प्युटरवर तो मोठा केला आणि बघत बसले. त्या गोलात हळदीचं एक बोट होतं आणि त्यावर कुंकवाचा ठिपका.

मला आधी हसू आलं. मग मी उठून परत आलेली एक साडी उलगडली. तो ठिपका मी शंभर वेळा पाहिला होता. प्रत्येक परत आलेल्या कापडावर तो होता आणि प्रत्येक वेळी माझी नजर त्यावरून सरळ पुढे गेली होती. नसरीनचीही, बाकीच्यांचीही. आमच्या घरी नवं कापड आलं की आई कोपऱ्याला हळद-कुंकू लावूनच घडी मोडायची. नव्या कापडावर ते असतंच. त्याला डाग म्हणतात हे आम्हा कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चार बायकांनी ट्यूबलाइटखाली डाग शोधला आणि चौघींनी तो डोळ्यांसमोर धरून "नाही" म्हटलं.

लावत होतात तुम्ही. एकोणीस वर्षं लावत होतात. प्रत्येक गठ्ठा बंद करण्याआधी करंड्यात बोट बुडवून कोपऱ्याला. दुकानातल्या गिऱ्हाईकाला ते आवडायचं, ते तेवढ्यासाठी आपल्याकडे यायचं. साठा एक झाल्यावर निळ्या गिऱ्हाईकालाही तुम्ही तेच लावलंत, कारण तुमच्या लेखी कापड हे कापड होतं आणि ते कोणाच्या तरी अंगावर पडणार होतं.

मी त्या वेळी काय केलं ते लिहिते. मी शेठला मेल लिहिला: वारंवार सूचना देऊनही पॅकिंगमधल्या कर्मचाऱ्याने हाताने खुणा केल्यामुळे माल परत येत होता, आता बंदोबस्त केला आहे. वारंवार सूचना. मी एकदाही सूचना दिली नव्हती. मला दिसलंच नव्हतं तर सूचना कशाची देणार. पण "मला दिसलं नाही" असं लिहिलं असतं तर शेठला इंदूरहून माझ्या जागी दुसरी आणायला एक दिवस पुरला असता.

मेल पाठवला आणि खाली येऊन तुमच्या हातातून करंडा ओढून घेतला, सगळ्यांसमोर. थोडं कुंकू तुमच्या पदरावर सांडलं. तुम्ही म्हणालात, "अवं ताई, नवं कापड असंच कोरं कसं भेजायचं?" मी म्हटलं, "कोरंच पाठवायचं. लोक त्याला डाग म्हणतात." तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. रागाने नाही. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा ऐकून घ्यायची असते तसं.

दुपारी शेठ आला. सगळ्यांना पट्ट्यापाशी उभं केलं. तुमच्याकडे बघून म्हणाला, "जिजी, ताईंनी तुम्हाला सांगितलं होतं ना, लावू नका म्हणून?" आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. पट्टा रिकामाच चालू होता. तेवढ्यात तुम्ही बोललात.

"सांगितलं होतं शेठ. ताई दहा बार बोलल्या. माझीच आदत गेली नाही."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. मान खाली घातली, आणि शेठने ती मान होकार समजून घेतली. तुम्हाला पॅकिंगवरून काढून जिन्याखालच्या टेबलावर बसवलं, जिथे परत आलेला माल उघडतात. कोपऱ्याला बोट लावणं बंद झालं आणि पंधरा दिवसांत पार्सलं परत येणं थांबलं. तुळशीचं लग्न लागलं आणि गोदाम जागेवर राहिलं. सगळे म्हणाले, ताईंनी वाचवलं.

त्या टेबलावर बसून तुम्ही माझ्याशी अबोला धरला असतात तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी मला हाक मारून कळण्याची भाकरी आणि ठेचा दिलात. म्हणालात, "खाऊन घ्या, तोंड उतरेल आहे." मी खाल्लं. तिखट लागलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं दाखवायला सोपं गेलं.

करंड्याची गोष्ट तुम्ही मला महिनाभराने सांगितलीत, एका परत आलेल्या चादरीची घडी घालता घालता. "नवरा गेला तेव्हा मी अट्ठावीसची. घरात लग्न निघालं की मला हळदीच्या ताटाला हात लावू देत नव्हते. दूर उभं राहायचं. इथं आले तर शेठची आजी, मोठ्या बाई, त्यांनी पहिल्याच दिवशी करंडा हातात दिला. म्हनल्या, सुशीला, इथून जानारं प्रत्येक कापड तुझ्या बोटाने जाईल." एवढं सांगून तुम्ही चादरीच्या कडा जुळवल्यात आणि म्हणालात, "ही तर वापरेल आहे, एक रात्र. बघा, वास येतो." तक्रारीचा सूर कुठेच नव्हता. मी चादरीचा वास घेतला आणि "हो, वापरलीय" म्हटलं. माझ्या टेबलाच्या खणात तुमचा करंडा होता.

तो मी तुम्हाला कसा परत दिला ते सांगण्यासारखं नाही. सकाळी लवकर येऊन तुमच्या टेबलावर, एका फाटक्या पार्सलाखाली ठेवला आणि वर निघून आले. चोरी करताना माणूस जसा वागतो, तशी परत करताना मी वागले. तुम्ही तो उघडला, वास घेतला आणि वर बघून मोठ्याने म्हणालात, "कुंकू सुकून गेलं आहे. कोनी जिन्याखाली ठेवलं होतं का वरती?" बस. त्यानंतर विषय नाही.

पण तुम्ही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हतात. जिन्याखालचं टेबल ही शिक्षा आहे हे तुम्ही मनावरच घेतलं नाहीत. नसरीनला शेजारी बसवून परत आलेल्या प्रत्येक पार्सलावरचं कारण वाचून घ्यायला लागलात. भोपाळच्या एका मुलाने लग्नात विहीणबाईला टॉवेल-टोपी पाठवली होती आणि व्याह्याला परकराचा कपडा. दोन्ही परत. नसरीन वाचता वाचता हसून लोळत होती. तुम्ही हसला नाहीत. मला हाक मारलीत.

"ताई, या पोराची चूक नाही. यांच्या घरी सांगनारं कोनी राह्यलं नाही वाटतं. आपन सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, "आपण कसं सांगणार? तो भोपाळला आहे."

"तुमचं मशीन काय नुसते दिवे लावायला आनलं आहे का?"

मी आठ दिवस चिडून होते, मग बसले. तुम्ही सांगत गेलात आणि मी यंत्रात भरत गेले. मामाचा आहेर म्हणजे काय काय, विहिणीचा मान म्हणजे काय, करवलीला काय, जावयाला काय. गिऱ्हाईकाने फोनवर नुसतं "मामाचा आहेर" निवडायचं, की पट्ट्यावर टब निघेल आणि एकेक दिवा लागत जाईल: साडी बी-चारमधून, खण एफ-दोनमधून, सगळं एका टबात गोळा. तुमचे कप्पे परत आले, जिजी, फक्त ते आता रॅकमध्ये नव्हते. पहिला "विहिणीचा मान" नागपूरला गेला तेव्हा तुम्ही टबाबरोबर पट्ट्याच्या टोकापर्यंत चालत गेलात. चप्पल न घालता. मी ओरडले, पायात पिन जाईल. तुम्ही ऐकलं नाहीत.

आणि पुडी. ती तर सरळसरळ तुमचीच. "कापडाला नको ना लावायचं? मग कागदात बांधून देते. लावायचं का नाही, त्याचं तो बघीन." आहेराच्या प्रत्येक पार्सलात हळद-कुंकवाची एक लहान पुडी. मी आणलेला पहिला कागद हळदीने पिवळा होऊन फुटला, तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते आता गोदामात म्हण म्हणून चालतं: "कागदवाल्यांच्या पोरीला कागद कळत नाही." मी वसाहतीत जाऊन वडिलांच्या जुन्या मित्राला विचारून जाड कागद आणला. पुड्या तुम्ही भरल्यात, तुमच्याच करंड्यातून. बंगळूरच्या त्याच बाईंनी पुढच्या वर्षी मुलीच्या लग्नाचा सगळा आहेर आपल्याकडून नेला. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग आता डाग आवडला वाटतं."

शेठने इंदूरचं नाव काढणं सोडलं. उलट दुसरा पट्टा मागवला. लोक मला विचारायला यायचे, हे आहेराचं तुम्हाला कसं सुचलं. मी "आमच्या जिजींनी सांगितलं" म्हणायचे, दर वेळी म्हणायचे. ते सांगणं सोपं होतं. दुसरं जे सांगायचं होतं ते मी दर वेळी पुढच्या आठवड्यावर ढकललं. दुसरा पट्टा येऊ दे. लग्नसराई संपू दे. शेठचा मूड बरा असू दे.

दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले तेव्हा ते बोलायचं ठरवूनच आले होते. बाहेर रिक्षात बसून वाक्य जुळवलं होतं. आत तुमचा मुलगा, सून, शेजारच्या दोघी. तुमच्या हाताला सुई होती. तुम्ही मला म्हणालात, "जेवून आल्या का?" मी म्हटलं, हो. मग मी तुम्हाला देडतलाईच्या दुकानाची काहीतरी गंमत सांगितली आणि तुम्ही डोळे मिटून हसलात. "उद्या येते" म्हणून मी निघाले. उद्या तुम्ही नव्हतात.

तुमची मला खूप आठवण येते, हे मी साधं लिहून टाकते. मला आई आहे, बहीण आहे, तरी कामाच्या ठिकाणी माझ्यावर हक्काने ओरडणारं माणूस मला तुमच्या रूपाने मिळालं होतं. या गावात मी टिकले ती तुमच्यामुळे. माझी नोकरी, इथल्या सव्वीस घरांची चूल, हा पट्टा, हे दिवे, सगळं तुमच्या एका खोट्या वाक्यावर उभं आहे. तेवढ्यासाठी मी तुमचे पाय धरायला हवे होते.

आज सकाळी हजेरी झाल्यावर मी पट्टा चालू करू दिला नाही. सगळ्यांना तिथेच उभं केलं, अमोलशेठलाही बोलावून घेतलं. मी म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी जिजींनी इथे सांगितलं की ताईंनी मला दहा वेळा बजावलं होतं. मी एकदाही बजावलं नव्हतं. मला तो डाग दिसलाच नव्हता. मी मेलमध्ये खोटं लिहिलं आणि जिजी माझ्यासाठी खोटं बोलल्या. चूक माझी होती."

शेठ खाली बघत राहिला. बाकीच्या कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर नसरीन म्हणाली, "मालूम है ताई. हम सब इधरच तो खडे थे. तुम्ही कधी बोललाच नव्हत्या जिजीला."

"मग दोन वर्षं कोणी काही म्हणालं का नाही?"

तिने पदराने नाक पुसलं. "जिजीने मना केलं होतं. त्याच दिवशी, डबा खाताना. बोलल्या, कोनी ताईला टोचायचं नाही, कोनी शेठकडे जायचं नाही. ताई स्वतःच सांगतीन एक दिवस. मी वळखते तिला."

जिजी, त्याच दिवशी. तुमच्या पदरावर कुंकू सांडलेलं होतं आणि शेठने तुम्हाला जिन्याखाली बसवलं होतं. मी वर जाऊन दार लावून बसले होते. त्या वेळी मी स्वतःला ओळखत नव्हते, आणि तुम्ही सव्वीस माणसांना माझ्याबद्दल खात्री देत होतात. मग दोन वर्षं तुम्ही वाट पाहिलीत, आणि वाट पाहताय हे मला एकदाही जाणवू दिलं नाहीत.

मी सांगितलं, जिजी. तुम्ही म्हणाला होतात तसं, कोणी न विचारता, स्वतःहून. फक्त तुम्ही ऐकायला होतात तेव्हा सांगितलं नाही.